पत्र्यातली चीर आणि मेहकरचं ऊन

उन्हाळा लागला की आमच्या घाटावरच्या गावांत पाण्याचे टँकर धावू लागतात. त्यातले काही गळायला लागले की मेहकरला, चिखली रोडवरच्या माझ्या मामांच्या वर्कशॉपमध्ये येतात. गळती बहुधा एकाच जागी असते. टाकी चेसिसवरच्या आधारावर जिथे बसते, तिथल्या वेल्डिंगच्या कडेला. खडबडीत रस्त्यावर पाणी आतल्या आडव्या पत्र्यांवर आदळत राहतं आणि चीर आतून धरते. बाहेर दिसेपर्यंत पाणी ठिबकायला लागलेलं असतं.

मी पत्र्यातल्या अल्ट्रासोनिक लहरींवर संशोधन करते, हे मामांना माहीत होतं. "मग गळायच्या आधीच सांगता येईल का वं?" त्यांनी विचारलं. प्रश्न इतका रास्त होता की मे महिन्याच्या सुट्टीत मी विजेवर थरथरणाऱ्या पीझोच्या चकत्या, सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप घेऊनच मेहकरला गेले.

नेहमीच्या अल्ट्रासोनिक तपासणीत प्रोबच्या खाली असेल तेवढाच भाग कळतो. सगळी टाकी तपासायची तर इंच इंच फिरवत बसावं लागतं. पण पातळ पत्र्यात ध्वनिलहर दोन पृष्ठभागांमध्ये कोंडली जाते आणि पत्र्याच्या अंगानेच दूरवर जाते. हे गणित इंग्लंडच्या होरेस लँब यांनी १९१७ साली मांडलं, म्हणून या लँब लहरी. पाच एमएमच्या पोलादी पत्र्यात १०० किलोहर्ट्झला त्या दोन जातींच्या निघतात. एकीत पत्रा लांबीच्या दिशेने ताणला-दाबला जातो. ती सेकंदाला सुमारे ५,३०० मीटर पळते. दुसरीत पत्रा वरखाली लचकतो. तिचा वेग ३,००० मीटरच्या आसपास.

मामांनी एक आठ बाय चार फुटांची शीट लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवली. मी एक मीटर अंतरावर दोन चकत्या फेव्हिक्विकने चिकटवल्या, एक बोलणारी, एक ऐकणारी. कोऱ्या पत्र्याची नोंद घेतली. ताणाची लहर १८९ मायक्रोसेकंदांना, लचकेची ३३३ च्या सुमारास, आणि मागून कडांवरून परतलेल्यांची गर्दी. मग मामांनी ग्राइंडरला कटिंग व्हील लावून बरोबर मधोमध, लहरीच्या वाटेला आडवी, चार सेंटीमीटर लांबीची खाच मारली. अर्ध्या जाडीपर्यंतच, आरपार नाही.

नवी नोंद घेऊन तिच्यातून जुनी वजा केली, आणि २६० च्या जवळपास एक नवा उंचवटा उभा राहिला. मला हा क्षण फार प्रिय आहे. कोऱ्या पत्र्यात त्या वेळेला काहीच पोहोचायला नको. पण खाच एकाच बाजूने असल्यामुळे पत्र्याचा वरचा-खालचा तोल मोडतो, आणि तिच्यावर आलेल्या ताणाच्या लहरीचा काही भाग तिथून पुढे लचकेची लहर होऊन निघतो. अर्धी वाट वेगाने, अर्धी वाट सावकाश, म्हणून ती दोघींच्या मध्ये पोहोचते. खाच कुठे आहे, हे या वेळेतच लिहिलेलं असतं. आतून धरलेली, अजून आरपार न गेलेली चीर नेमकी अशीच एकांगी असते.

"काय सांगून राहिलं वं हे?" म्हणत मामा स्क्रीनवर वाकले. त्यांनी उंचवट्यावर बोट ठेवलं आणि लगेच दुसरी खाच मारली, या वेळी लहरीच्या वाटेला समांतर. तिचा उंचवटा जवळजवळ दिसेना. लांबट चिरेवर लहर पडली की ती चहूकडे सारखी विखुरत नाही. रुंद बाजूवर आदळली तर बरंच काही परततं, टोकावर आली तर बहुतेक तशीच पुढे निघून जाते. चकत्या फिरवून आडव्या बाजूने लहर पाठवल्यावर तीच खाच स्पष्ट दिसली. एका दिशेने शांत दिसलेला पत्रा निर्दोष मानणं म्हणूनच धोक्याचं आहे. आधाराभोवती चकत्यांचं कडं करून प्रत्येकीने आळीपाळीने बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, हाच माझ्या मते खरा मार्ग.

दुपारी मात्र टिनाच्या शेडमध्ये वेगळंच सुरू झालं. सकाळच्या नोंदीतून दुपारची वजा केली की जागोजागी उंचवटे, जणू पत्रा चिरांनी भरलाय. कारण ऊन. पोलाद तापलं की लहरीचा वेग किंचित घटतो. १०० किलोहर्ट्झला लहरीचं एक आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं. पोहोचायला अर्धा मायक्रोसेकंद जरी उशीर झाला, तरी वजाबाकीत मूळ लहरीचा जवळपास तिसरा हिस्सा उरतो. लहानशा चिरेची खूण त्यात सहज बुडते. प्रयोगशाळेच्या एसीत हा त्रास जाणवतच नाही, आणि टँकर तर उन्हातच उभा असतो. त्यामुळे पहाटेपासून दुपारपर्यंत निरनिराळ्या तापमानांना कोऱ्या टाकीच्या नोंदी घेऊन ठेवायच्या, आणि तपासणीच्या वेळी त्यातली सगळ्यात जुळणारी निवडायची.

मामांचा शेवटचा प्रश्न भरलेल्या टाकीचा होता. लचकेच्या लहरीत पत्रा वरखाली हलतो, त्यामुळे आत पाणी असलं की तिची ऊर्जा वाटेतच पाण्यात झिरपते. ताणाची लहर बरीच टिकते, पण चिरेवर ती लचकेची झाली की तो भाग पुन्हा पाणीच खातं. म्हणून टँकर रिकामा करूनच मोजायचा, असं आमचं ठरलं. शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या एका टाकीच्या मागच्या आधाराभोवती मामांनी लगेच खडूने आठ खुणा केल्या आणि तिथला रंग घासायला घेतला.