शाकारणी

शिडीच्या चौथ्या पायरीवर मला माझे वय आठवले. शिडी बांबूची होती, पायऱ्या सुंभाने बांधलेल्या होत्या, आणि खाली उभ्या असलेल्या आजी मोठ्या काळजीने सांगत होत्या, “जपून हो, पुण्याचे! फार जुनी आहे.” जपायचे शिडीला की मला, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. मीही विचारले नाही.

ही गोष्ट डिसेंबर २०२०ची. बँकेतून निवृत्त होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते आणि ते सगळे टाळेबंदीत आणि तिच्या धास्तीत गेले होते. स्वयंपाकघरातले डबे पुसून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम मी दोनदा केले. तिसऱ्यांदा डबे खाली काढले, तेव्हा सौ. म्हणाली, “तुम्ही आता बाहेर कुठेतरी उपयोगी पडा.” नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतला एक संगणक-अभियंता मुलगा जिन्यात भेटला. तो आणि त्याचे मित्र कोकणात घरे दुरुस्त करायला निघाले होते. “काका, येता का? हिशेब ठेवायला माणूस हवाय.” हिशेब म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, हे वाचकांना आठवत असेल. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर वेगाचा वारा काही तास घोंगावत होता. माड मोडले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले पाचोळ्यासारखी उडाली. आणि वादळ आले ते पावसाळ्याच्या अगदी तोंडावर. त्यामुळे पुष्कळांनी तो सबंध पावसाळा ताडपत्रीखाली काढला. आम्ही गेलो तेव्हा वादळाला सहा महिने झाले होते आणि वर्तमानपत्रे केव्हाच दुसऱ्या विषयांकडे वळली होती.

ताम्हिणी घाट उतरून, माणगाव आणि म्हसळ्यावरून आम्ही श्रीवर्धन तालुक्यातल्या एका छोट्या वाडीत पोचलो. आम्ही आठजण होतो. मुक्काम प्राथमिक शाळेत. शाळा तेव्हा बंदच होती. फळ्यावर मार्चमधली तारीख अजून तशीच होती. अभियंत्याने त्याच फळ्याच्या कोपऱ्यात आमचे गणित मांडले : दिवस चार, घरे पाच, माणसे आठ. गणितात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पहिले घर आजींचे, दुसरे त्यांच्या शेजाऱ्यांचे, तिसरे वाडीच्या टोकाला राहणाऱ्या एका तरुणाचे, आणि पुढे आणखी दोन. यादी माझ्या वहीत, वही माझ्या पिशवीत.

कौलारू छप्पर खालून पाहिले की फार सोपे वाटते. मधोमध आढे, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या रीपा आणि रीपांवर कौले. मंगळुरी कौलाच्या पाठीला खालच्या अंगाने दोन गाठी असतात. त्या रीपेला अडकल्या की कौल जागचे हलत नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. एकेक कौल दोन-अडीच किलोचे. वजन सोडले तर अवघड असे काय आहे त्यात?

आम्ही मोजपट्टी लावली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि संध्याकाळपर्यंत आजींच्या घराच्या एका पाख्यावर नव्या रीपा ठोकून मोकळे झालो. सरळ रेषेत, एकसारख्या अंतरावर. अभियंत्याने त्यांचा फोटोही काढला.

एवढा वेळ अंगणात एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. चाळीस वर्षे वाडीतल्या घरांची शाकारणी त्यांनी केलेली. आता गुडघे गेल्यामुळे शिडी चढवत नव्हती. आमचे काम संपल्यावर त्यांनी हाक मारली, “आता एक कौल लावून बघा.”

कौल लागले. दुसरे लागले. तिसऱ्या ओळीपाशी गाठी रीपेवर येईनात. फरक असेल अर्ध्या बोटाचा. पण तो प्रत्येक ओळीत साठत गेला होता.

“मोजपट्टीला काय ठाऊक तुमचं कौल केवढं आहे ते?” तात्या शांतपणे म्हणाले. “कौलच मापाला घ्यायचं. आणि एका छापाची कौलं एकाच पाख्यावर. या कारखान्याचं त्या कारखान्याच्या खाचेत बसत नाही.”

मी कौल उलटे करून पाहिले. पाठीवर कारखान्याचा छाप होता. ढिगातल्या कौलांवर तीन निरनिराळे छाप निघाले.

“तात्या, हे आधी का नाही सांगितलंत?” अभियंत्याने विचारले. आवाजात थोडी तक्रार होती.

“तुम्ही विचारलं नाहीत, बाबा. आणि एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांच्या कामात आल्या आल्या तोंड कसं घालायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्याच ठोकलेल्या रीपा उपटल्या. तात्या अंगणातून सांगत आणि आम्ही वर करत गेलो. पागोळीच्या कडेपासून आढ्याकडे जायचे. वरची ओळ खालच्या ओळीवर चढली पाहिजे. कौल हातात घेतले की बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर बाजूला ठेवायचे. नोकरीत असताना खोटे नाणे ओळखण्यात माझा हातखंडा होता. त्या विद्येचा उपयोग मला त्या दिवशी प्रथमच छपरावर झाला.

आमच्यात सर्वांत चपळ होता तो यादीतल्या तिसऱ्या घरातला तरुण. माडा-पोफळींवर चढून नारळ-सुपाऱ्या काढून देणे हा त्याचा धंदा. वादळानंतर चढायला झाडेच फारशी उरली नव्हती, आणि नवी पोफळ लावली तरी ती धरायला सहा-सात वर्षे जातात. रोज सकाळी आमच्याआधी येऊन तो आढ्यावर बसलेला असे. आम्ही एका हाताने वासा घट्ट धरून दुसऱ्या हाताने कौल सरकवायचो. तो दोन्ही हातांत कौले घेऊन चालत जायचा.

चौथ्या दिवशी दुपारी आजींचे घर आणि शेजारचे घर पुरे झाले. यादीतली तीन घरे तशीच राहिली. शेवटच्या दोघांना फक्त काही पत्रे हवे होते. ते आम्ही पैसे देऊन तिथेच मागवून दिले. पण तिसऱ्या घराला सगळे पाखे नव्याने करायला हवे होते, आणि त्याजोगी कौले आमच्याजवळ नव्हती. यादी माझ्या वहीत असल्यामुळे त्याला सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, वर निळी ताडपत्री, वाऱ्याने तिचा फडफड आवाज. दोन मुली त्या निळ्या उजेडात पाटीवर काहीतरी गिरवत बसल्या होत्या. त्याच्या बायकोने चहा टाकला. मी वही उघडली, मिटली आणि कसेबसे सांगितले.

“असू दे, काका,” तो म्हणाला. “पाऊस जूनला. अजून सहा महिने आहेत.”

एवढेच. चार दिवस तो दुसऱ्यांच्या छपरावर राबला होता, आपला नंबर तिसरा आहे हे ठाऊक असून. आमचा एक दिवस चुकीच्या रीपा ठोकण्यात गेला आणि एक त्या उपटण्यात. ते दोन दिवस त्याचे होते. चहा फार चांगला होता. मला तो घशाखाली उतरेना.

रात्री आजींनी आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावले. ओटीवर पाने मांडली होती. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, वर भात. जेवणे झाल्यावर सुपारी कातरता कातरता आजींनी मला विचारले, “तुमचं मूळ गाव कुठलं?”

“खाडीपलीकडे. दापोली तालुक्यात.”

“म्हणजे जवळचेच की! घर आहे?”

“आहे ना.”

“शाकारतं कोण?”

मी डासांची उदबत्ती पेटवण्यात गुंतलो. ती दोनदा विझली, हे माझे भाग्य.

वाचकहो, खरे सांगायचे तर घर होते असेच म्हणायला हवे. माझे वडील होते तोवर ते दर मे महिन्यात जात. शाकारणी म्हणजे काही मोठे बांधकाम नव्हे. पावसापूर्वी कौले उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची. दोन-तीन दिवसांचे काम; पण दरवर्षीचे. वडिलांच्या मागे आम्ही सहा चुलतभावंडे वारस झालो. दोघे डोंबिवलीला, एक बडोद्याला, एक नागपूरला, एक अमेरिकेत आणि मी. काही वर्षे मी माझ्या वाट्याचे पाचशे रुपये पाठवले. पुढे शाकारणारा माणूस थकला. नवा कोणी शोधायचा, खर्च कोणी किती करायचा, यावर लग्नामुंजीत भेटलो की बोलणे निघे आणि जेवणाची पंगत बसली की मिटे. अशी वीस वर्षे गेली. वादळात घर पडल्याचे शेजाऱ्यांनी फोनवर कळवले, तेव्हा आम्ही सर्वांनी वादळाला दोष दिला. तो दोष घ्यायला वादळ परत थोडेच येणार होते!

पुण्याला परतल्यावर मी भावंडांना फोन लावले. वीस वर्षे ज्या घराविषयी आमचे एकमत झाले नव्हते, त्याची कौले उतरवून देऊन टाकण्याविषयी अर्ध्या तासात एकमत झाले. बडोद्याची वहिनी तेवढी म्हणाली, “एक तुळशीवृंदावन मात्र राहू द्या.”

फेब्रुवारी २०२१मध्ये मी, अभियंता आणि तो तरुण असे तिघे माझ्या गावी गेलो. एक पाखे वादळाने उचलून फेकून दिले होते, मागची भिंत खचली होती, वाशांना वाळवी लागलेली. पण पडवीकडचे पाखे शाबूत होते. तो वर चढला आणि एकेक कौल खाली देऊ लागला. मी टिचकी मारून घेत होतो. ज्या ओटीवर आजोबांच्या मांडीवर बसून मी पाढे म्हटले, तिच्यावर उभा राहून मी आमच्या घराची कौले मोजली. आठशे चाळीस निघाली. सगळी एका छापाची.

शेवटी त्याने वरून विचारले, “काका, हे काचेचं पण घ्यायचं?”

मी ते विसरूनच गेलो होतो. माजघरात उजेड यावा म्हणून जुन्या घरांत एखादे काचेचे कौल घालत. आमच्या त्या कौलातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडे आणि दिवसभर सरकत राही. घरात घड्याळ होते. पण आम्हां मुलांचा विश्वास त्या चौकोनावर. तो उंबऱ्याला लागला की पाने मांडायची, हे ठरलेले.

“घे,” मी म्हणालो. दुसरे काही बोलवेना.

टेंपोच्या दोन खेपा झाल्या. वेसवीला फेरीबोटीत टेंपो चढवला आणि खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरलो. या खेपेला आम्ही मोजपट्टी नेलीच नव्हती. पहिल्याच दिवशी तात्यांची खुर्ची त्याच्या अंगणात मांडली आणि खिळा हातात घेण्याआधी त्यांना विचारले. तीन दिवसांत छप्पर झाले. शंभरेक कौले उरली. ती परसात रचून ठेवली. पुढच्या फुटतुटीला लागतात.

त्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. रात्री फोन लागेना. सकाळी त्याचाच फोन आला : “चार कौलं सरकली, काका. बसवली परत.” मी सौ.ला सांगायला गेलो, तर ती आधीच देवापुढे साखर ठेवत होती.

२०२२पासून आम्ही चार-पाचजण दर मे महिन्यात दोन दिवस तिकडे जातो. आजींचे घर, शेजारचे घर आणि त्याचे. आता समाजसेवा वगैरे कोणी म्हणत नाही. शाकारणीला जातो म्हणतात. तात्या आता नाहीत. अंगणातून सूचना देण्याचे काम तो तरुण करतो आणि शिडीवर मला चौथ्या पायरीपुढे चढू देत नाही.

या वर्षी असाच दुपारी त्याच्या घरात पाणी प्यायला टेकलो होतो. धाकटी मुलगी पुस्तक घेऊन भिंतीशी बसली होती. जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता. माझी नजर त्याच्यावरून हलेना.

“काका,” ती पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाली, “ऊन उंबऱ्याला लागलं. हात धुऊन घ्या, आई पानं मांडते आहे.”