उंबरा आणि ओटा

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली त्याने जुने घर दुरुस्त करून पाहिले नसावे. नव्या घराला निदान सुरुवात असते. मोकळी जागा, सुतळी, चुन्याची आखणी, नारळ. जुन्या घराची एक वीट हलवावी तर तिच्यामागून चार प्रश्न बाहेर पडतात, आणि त्यांतले दोन तरी आपल्याच वाडवडिलांनी लिंपून ठेवलेले असतात.

आमचे घर बऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत, शनवारा दरवाजाच्या आत आहे. आजोबा रावेर तालुक्यातून ताप्ती मिलमध्ये कारकुनीला आले आणि पुढे त्यांनी हे घर एका व्यापाऱ्याकडून विकत घेतले. पुढे ओसरी, मग बैठक, तिच्यामागे तीन खणी माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. वर एक माडी. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे सगळे घर आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले. उजेड यायचा तो इंजिनाकडून नाही तर गार्डाच्या डब्याकडून. मधल्या डब्यांत बारा महिने संध्याकाळ.

मला मात्र या घराचा फार अभिमान. मी इतिहासाचा एम.ए. आणि पेशाने मास्तर. फारुकी सुलतानांनी वसवलेल्या आणि पुढे मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे ठाणे झालेल्या गावात राहतो, म्हणजे अभिमानाला तोटा नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला शाही किल्ला दाखवायचा, जामा मशिदीतला अरबी लेखाशेजारचा संस्कृत शिलालेख दाखवायचा, कुंडी भंडाऱ्यात उतरवायचे, आणि शेवटी घरी आणून आमचे सागवानी खांब, खांबांखालचे काळ्या दगडाचे तळखडे, बैठकीचा कडीपाट आणि माजघराच्या भिंतीतले मातीचे बळद दाखवायचे. वर्षाची ज्वारी मावेल एवढे ते बळद. एका दिवाळी अंकात मी जुन्या घरांवर लेखही लिहिला होता. जाड भिंतींचा गारवा, धाब्याखालची शांत झोप वगैरे. आमच्या सौभाग्यवतींनी तो वाचला. भरदुपारी, माजघरात दिवा लावून.

“चांगला आहे,” एवढेच ती म्हणाली. तो दिवा तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही, नंतर आला.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो सुट्टीत आला की मोबाइलवर चित्रे दाखवी. हॉल असा, किचन असे, आजीच्या खोलीला लागून संडास-बाथरूम. माजघराच्या कडेच्या खणात आईची खाट असे आणि संडास होता परसात, पार टोकाला. म्हणजे माजघराचा उंबरा, स्वयंपाकघराचा उंबरा, मग दोन पायऱ्या उतरून फरशी आणि मग तो. मुलाचे म्हणणे, बळद काढले की तिथे सहज जागा होते. मी म्हणे, बळदाला हात लावायचा नाही. शिवाय आईच म्हणायची, “घरात संडास? देवघराच्या भितीले लागून? मी मेल्यावर करा.” खरे सांगायचे तर आईचा हा नकार मला सोयीचा होता. आपला हट्ट म्हाताऱ्या माणसाच्या सोवळ्याआड लपवता येतो, हे मला ठाऊक होते.

2022 च्या जुलैत बऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा म्हणून जाहीर झाला. जिल्ह्यातल्या गावोगावच्या घरांत नळ पोचल्याचा तो दाखला. मी प्रार्थनेच्या वेळी मुलांना त्याबद्दल सांगितले, आणि सवयीप्रमाणे त्याला कुंडी भंडाऱ्याची जोड दिली. सातपुड्याच्या पायथ्याचे जमिनीत मुरणारे पाणी अडवून, शंभराहून जास्त कुंड्या आतल्या आत बोगद्याने जोडून, पंप नाही, मोट नाही, केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणायचे ही इराणी विद्या. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास ती इथे उतरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच पावसाळ्यात एका रात्री आई परसातल्या ओल्या फरशीवर पडली. खुब्याचे हाड मोडले. किती वेळ तिथे पडून होती कोण जाणे. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि शेजारच्या लूमची खटखट चालू होती, त्यात तिची हाक ऐकू आली नाही. सौभाग्यवती पाणी प्यायला उठली म्हणून कळले.

जळगावला शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या बाकावर बसून मला राहून राहून किल्ल्यातला हमाम आठवत होता. छतावर फुलापानांची चित्रे, थंड आणि गरम पाण्याची सोय. तो मुमताजमहलसाठी सजवला असे सांगतात. ती 1631 साली याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. हे सगळे मी तीस वर्षे शिकवले. चारशे वर्षांपूर्वी कोणाच्या खोलीपासून पाणी किती पावलांवर होते ते मला पाठ. माझ्या आईचा संडास तिच्या खाटेपासून किती पावलांवर आहे ते मी कधी मोजले नव्हते. घरी आल्यावर मोजले. एकतीस.

बळद दिवाळीनंतर फोडले. आत गुप्तधन नव्हते. मूठभर ज्वारी, कडुनिंबाच्या पाल्याचा भुगा आणि एक पितळी मापटे, बस्स. आईने मापटे घासूनपुसून उशाशी घेतले. त्या जागेत चार फूट रुंद, सात फूट लांब संडास-बाथरूम बसली. दार मुद्दाम तीन फुटांचे ठेवले, कारण वॉकरसकट माणूस अडीच फुटांच्या दारातून नीट जात नाही. भिंतीला स्टीलचे दांडे, उंच कमोड, खडबडीत फरशी. हे सारे मुलाने फोनवरून सांगितले आणि मी वहीत उतरवून घेतले. आयुष्यात प्रथमच मी मुलाचे डिक्टेशन घेतले.

फजिती झाली ती उताराची. फरशी बसवून झाली, बादलीभर पाणी ओतले, तर पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराकडे, म्हणजे थेट आईच्या खाटेकडे निघाले. ज्या गावात सातपुड्याचे पाणी उताराने तापीकाठी आणले त्या गावात आमच्या न्हाणीतले पाणी चार फूट जाईना! मिस्त्री डोके खाजवत म्हणाला, “मास्टरसाब, जमाना वो था, कारीगर वो थे.” मी त्याला फरशी उखडायला लावली. या खेपेला सौभाग्यवतीने पाण्याची नळी भरून लेव्हल धरली आणि फुटाला पाव इंच उतार मिळेपर्यंत त्याला उठू दिले नाही.

मग राहिला उंबरा. आईच्या खोलीला आणि न्हाणीला सपाट वाट पाहिजे, म्हणजे माजघराचा सागवानी उंबरा काढायला हवा. हळदीकुंकवाचे थर चढलेला तो उंबरा. त्यावर कोणी बसायचे नाही, शिंकायचे नाही, सांजवेळी दिवा दाखवायचा. उंबऱ्यावर नरसिंहाचा वास. मला वाटले, आता आई काही ऐकत नाही. मी दोन दिवस विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीच तिच्यापुढे बोलून गेला. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “नरसिंह खांबातून निंघाला व्हता. खांब ठेव. उंबरा काढ.”

एम.ए. ला मला असे उत्तर सुचले नसते. उंबरा आता देवघराखाली पाट म्हणून बसवला आहे. आई मात्र अजूनही त्या जागेशी आली की पाय उचलते. वॉकर सरळ पुढे जातो आणि पाय चार इंच वर.

बैठकीबद्दल फार लिहीत नाही. मुलाला तिथे पीओपीचे खोटे छत हवे होते. मी म्हटले, कडीपाट झाकून त्याखाली उंदरांना माडी बांधून द्यायची काय? कडीपाट राहिला. वाळवीचे औषध मारले, तेलपाणी केले, दिवे मात्र त्याच्या मनासारखे लावले. भिंतींचा गिलावा हे वेगळे प्रकरण होते. वडिलांनी पूर्वी एकदा मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करवला होता. मातीतली ओल बाहेर निघायला वाट राहिली नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे ताटाएवढे सुटून पडले. या वेळी कळीचा चुना आणून हौदात विरवला. चुन्याचे काम जाणणारा एकच म्हातारा कारागीर मिळाला. तो दिवसाला एक भिंत करी आणि मध्येच काम थांबवून भिंतीला कान लावी. काय ऐकत होता, ते त्याने सांगितले नाही.

धाब्याचे मात्र मला वाचवता आले नाही. कड्या, त्यांवर फळ्या, त्यांवर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, त्यावर हातभर माती, आणि सगळ्यांवर दरवर्षी मृगाच्या आधी खारी माती पसरायची. ती पसरणारी माणसे आता मिळत नाहीत. गळती मात्र मिळते. माती उतरवली तेव्हा ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या निघाल्या. तिथे स्लॅब पडला. पहिल्याच मे महिन्यात माजघर तव्यासारखे तापले. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, त्याने काहीसा फरक पडला. पण त्या जुन्या लेखातला गारव्याचा मजकूर खोटा नव्हता, एवढे मी अजूनही म्हणतो.

आता स्वयंपाकघर. याबद्दल लिहायला मला थोडे जड जाते. सौभाग्यवती या घरात आली त्याला सत्तावीस वर्षे झाली होती. धाब्यातला हातभर झरोका सोडला तर तिच्या स्वयंपाकघरात खिडकी नव्हती. परसाकडच्या भिंतीत एक दार, तेही पावसात आणि थंडीत बंद. तिने कधी तक्रार केली नाही असे मी इथे लिहिणार होतो. पण खरे तर तिने केली होती, दोनतीनदा. मी तिला भिंतीची जाडी सांगितली होती. दोन फूट.

ती दोन फुटांची भिंत पाडायला एक दिवस लागला. चार फूट रुंदीचे भगदाड पडले आणि परसातले ऊन सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन पडले. आम्ही सगळे बघत राहिलो. ती भिंत काळी होती. नुसती मळकी नव्हे. फळीच्या वर, कोनाड्यात, कड्यांवर धुराचा आणि फोडण्यांचा चिकट काळा थर. आईच्या चुलीपासूनचा. सौभाग्यवतीने बोटाने त्यावर एक रेघ ओढली आणि म्हणाली, “मी रोज पुसत होते हो. दिसतच नव्हतं.”

मी बाहेर जाऊन मजुरांसाठी चहा सांगितला.

ओट्याच्या उंचीवरून मग वाद झाला. मिस्त्री म्हणे तेहतीस इंच, सगळीकडे तेवढीच करतात. मीही पुस्तकी माणूस, सगळीकडे म्हटल्यावर मान डोलावली. ती पाच फुटांची बाई. तिने बोलणे थांबवले, विटांची चवड रचली, वर पोळपाट ठेवला आणि कणीक घेऊन खरोखर चार पोळ्या लाटून पाहिल्या. एक वीट काढली. पुन्हा लाटल्या. मग पाटीचा एक तुकडा सरकवला. “एकतीस,” म्हणाली. मिस्त्रीने टेप लावली. एकतीस भरले. ओटा एकतीस इंचांचा झाला. आता मी कधी चहा करायला उभा राहिलो की मला वाकावे लागते, पण तो प्रश्न वर्षातून चारपाचदाच येतो.

खिडकीच्या कट्ट्यावर तिने तुळशीची रोपे आणि एक लहान रेडिओ ठेवला आहे. दुपारी ती तिथेच खुर्ची टाकून वाचत बसते. हा अंक आला की तोही तिथेच वाचला जाईल, आणि दिवा लावावा लागणार नाही.

माडी तेवढी राहिली आहे. तिचा लाकडी जिना अजून जुनाच, खडा, धरायला दोर असलेला. माझी पुस्तके सगळी वर. परवा सौभाग्यवती टेप घेऊन जिन्याशी बसली होती. एकेक पायरी अकरा इंचांची निघाली. मला विचारले, “तुमचं वय काय आता? छप्पन्न ना?” मी म्हटले, जिना शिसवी आहे, कोरीव आहे, असा आता गावात दुसरा नसेल. ती काही बोलली नाही. मिस्त्रीला तिने भाऊबीज झाल्यावर बोलावले आहे.