भात्यातला वारा

आमच्या आळीत गणेशोत्सवातल्या संगीत नाटकांस साथ करणारे एक वयस्क ऑर्गनवादक होते. त्यांचे पाय पायडलांवरून उचलले गेल्यावरही भात्यात उरलेल्या वाऱ्यावर शेवटचा षड्ज क्षणभर वाजत राही, आणि गाणारा विंगेत गेला, वाजविणारा थांबला, मग हा स्वर आता कोणाच्या मालकीचा, या शंकेने मी बालपणी अकारण अस्वस्थ होत असे.

तीच शंका पुढे फिल्म सोसायटीच्या पडद्यावर भेटली. हर्क हार्वी हे गृहस्थ अमेरिकेत कॅन्ससमधील लॉरेन्स गावी शैक्षणिक व औद्योगिक अनुबोधपट काढीत. मोटारीने घरी परतताना युटातील खाऱ्या सरोवराकाठी सॉल्टेअरचा ओसाड विहारमंडप त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यातून सुमारे ३३ हजार डॉलरांत ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) हा त्यांचा एकुलता एक कथापट निर्माण झाला. मोटार पुलावरून नदीत कोसळते. तीन तासांनी मेरी हेन्री चिखलाने माखून एकटीच वर येते आणि परगावी चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्याची नोकरी धरते. पांढुरक्या चेहऱ्याचा एक पुरुष (ही भूमिका हार्वींचीच) तिची पाठ सोडीत नाही. पण मला त्याचे भय कधीच वाटले नाही. वाटले ते कापडचोपडाच्या दुकानातले: झगा घालून ती बाहेर येते तो जगाचा आवाजच नाहीसा झालेला, आणि विक्रेतीला ती दिसतही नाही.

निवृत्तीनंतर एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी कचेरीच्या खिडकीशी उभा राहिलो, तेव्हा कारकुनाने दप्तर चाळले आणि माझ्या नावापुढे ‘मयत’ असा शेरा असल्याचे अत्यंत सभ्यपणे, माझ्या मागे उभ्या असलेल्या इसमास सांगितले. मी कैफियत मांडू लागलो. अर्ज वारसानेच करावा लागेल, असे उत्तर आले, तेही त्यालाच. चूक यथावकाश दुरुस्त झाली, थकबाकीही मिळाली.

त्या रात्री मुलाने आणून दिलेल्या तबकडीवर चित्रपट पुन्हा पाहिला. अखेरीस मोटार नदीतून ओढून काढतात आणि मेरीचा देह आतच असतो. पूर्वी या शेवटास मी क्लृप्ती म्हणत असे. चर्चच्या ऑर्गनात वारा यंत्राने भरला जातो, पायांखाली वाजतात ते केवळ मंद्र स्वर, हे ठाऊक असूनही या खेपेस मी तिच्या पायांकडेच पाहत बसलो.