डीबग चालू राहिलं

सर्व्हरवर डॉकर अडलं होतं, म्हणून मी सेटिंगच्या फाईलमध्ये डीबग चालू केलं. अडचण सुटली, बंद करायचं राहून गेलं. पुढे लॉगमध्ये नोंदींचा पूर आला, कामाची ओळ सापडेना. बोल लागला तो ऑफिसातल्या नव्या मुलाला.

त्याने 'डॉकर इन्फो' चालवून दाखवलं. क्लायंटखाली 'डीबग मोड: फॉल्स', सर्व्हरखाली 'ट्रू'. म्हणजे त्याची कमांड नव्हे, मागे चालणारा डेमनच बडबडत होता.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ते मीच केलं होतं." फाईल सुधारून डेमनला 'सिगहप' सिग्नल दिला; कंटेनर बंद करावे लागले नाहीत.

ती एक ओळ दिसली नसती, तर तो मुलगा आजही माझ्या चुकीची बोलणी खात असता.