पत्ते कुणी पिसले?

भोरला मामाकडे गौरी जेवल्या की रात्री पत्ते निघतात. हा नियम आरतीइतकाच जुना! मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे लहानपणी मला स्पेड्स आणि क्लब्ज एवढंच ठाऊक. इस्पिक, किलवर, दुर्री, तिर्री ही सगळी विद्या मामाच्या ओसरीवर मिळाली. आणि एक शिस्तही मिळाली. ज्याने पत्ते पिसले, त्याने कॅट शेजारच्यापुढे धरायचा, त्याने काटायचा, मगच वाटायचे. शेजारी सख्खा भाऊ का असेना. मामा म्हणतो, "विश्वास नाही म्हणून नव्हे गं, नंतर भांडण नको म्हणून."

२०२५च्या गौरींना वेल्ह्याहून मावशीचा मुलगा, आमचा दादा, आला होता. पत्ते निघाले तसा तो उठून अंगणात गेला. मी मागोमाग गेले. तेव्हा कळलं, की पिकअपच्या डाउनपेमेंटसाठी साठवलेल्या पैशांतले ८८ हजार रुपये त्याने एका ॲपवर पोकर खेळून घालवलेत. (मावशीला आता सगळं माहीत आहे आणि दादाला विचारूनच लिहितेय.) पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा केंद्राचा कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला होता. त्यामुळे खेळ थांबला होता, पण दादाच्या डोक्यातला थांबला नव्हता.

"पत्ते सेट असतात तिथे. तू कॉम्प्युटरवाली ना? सिद्ध करून दाखव," असं म्हणून त्याने एक वही माझ्या हातात दिली. तारीखवार डाव लिहिलेले. हातात एक्क्यांची जोडी, तरी हरलो. राजांची जोडी, तरी हरलो. पानंच्या पानं!

खरं सांगायचं तर मलाही सिद्ध करायचंच होतं. कारण पत्ते पिसण्याचा प्रोग्रॅम चुकू शकतो, हे मी स्वतः चुकून शिकले होते. सेकंड इयरला मी तो लिहिला होता, अगदी सोपा: प्रत्येक जागेवरचा पत्ता उचल आणि कुठल्याही एका जागेवरच्या पत्त्याशी बदल. दिसायला चोख! पण तीनच पत्ते घेऊन बघा. तीन वेळा तीन पर्याय म्हणजे २७ वाटा, आणि तीन पत्त्यांचे क्रम फक्त ६. २७ ला ६ ने भाग जातो का? नाही. मग तीन क्रम २७ पैकी ५ वेळा येतात आणि उरलेले तीन ४ वेळा. मी मारे एक लाख वेळा प्रोग्रॅम चालवला, तर काही क्रम सारखे पुढे! बरोबर रीत अशी, की एकदा जागेवर बसलेला पत्ता पुन्हा हलवायचा नाही, उरलेल्यांतूनच निवडायचं. ३ गुणिले २ गुणिले १, बरोबर सहा.

ही चूक माझ्यासारख्या नवशिक्यांनीच केली असंही नाही. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर जो प्रोग्रॅम पत्ते पिसायचा, तो त्याच्या कंपनीने सगळ्यांना बघायला ठेवला होता, का तर आमचा खेळ किती स्वच्छ आहे ते कळावं म्हणून! अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी तो वाचला, आणि त्यात हीच चूक निघाली. दुसरी त्याहून मोठी. बावन्न पत्त्यांचे क्रम मोजायला ६८ आकडी संख्या लागते. हा प्रोग्रॅम मात्र मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, त्या आकड्यावरून पिसायला सुरुवात करायचा. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे तेवढेच क्रम. या लोकांनी आपलं घड्याळ साइटच्या घड्याळाशी जुळवलं आणि शक्यता दोन लाखांवर आणल्या. आपले दोन पत्ते आणि टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते दिसले, की बाकी सगळा कॅट त्यांचा कॉम्प्युटर सांगायचा, तोही डाव चालू असताना. त्यांनी ते जाहीर केलं, साइटने प्रोग्रॅम बदलला.

मग मी दादाच्या वहीकडे वळले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यातले जिंकलेले डाव कुठेत?"

"ते कशाला लिहायचे?" दादा म्हणाला.

झालं! वही गेली. पण खात्यातून जुन्या डावांची नोंद उतरवून घेता येत होती. कॉलेज सुरू असताना, रविवार धरून, मी ती चाळली. ९,३०० डाव. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा यावी, म्हणजे साधारण ४२ वेळा. आली ३९ वेळा. समोर एकच जण शेवटपर्यंत टिकला तर ही जोडी शंभरात ८५ वेळा जिंकते, दोघे टिकले तर ७३ वेळा. दादा ३९ पैकी ३१ वेळा जिंकला होता. हरलेले आठ डाव वहीत होते. सगळे आठ!

आणि एक रकाना दादाने कधी बघितलाच नव्हता. त्याने जिंकलेल्या प्रत्येक डावातून ॲप आपला वाटा कापत होतं. त्याची बेरीज ३४ हजार! पत्ते सरळ, वाटप सरळ, आणि ८८ पैकी ३४ हजार पत्त्यांशी काही संबंध नसताना गेले.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मटकाच की." मुंबईत मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर. इथल्या कुणाचा हात तिथे पोचणार नाही, म्हणून लोकांना तो आकडा खरा वाटे. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि पुढे कॅटमधून तीन पत्ते. त्यांची बेरीज, त्यातला शेवटचा अंक. अंक दहा आणि जिंकणाऱ्याला मिळायचे एकाला नऊ! पत्ता कितीही प्रामाणिकपणे काढा, दहावा भाग घरी जाणारच. मामा हे इतक्या तपशिलात सांगत होता, की मामी त्याच्याकडे बघतच राहिली. असो.

दिवाळीच्या सुट्टीत नसरापूरवरून एसटीने वेल्ह्याला गेले. दादाला सगळे आकडे दाखवले. तो बराच वेळ कागद बघत बसला. "म्हणजे मीच वाईट खेळलो," तो म्हणाला. मी "हो" म्हटलं.

त्या "हो"चं मला अजून टोचतं. कारण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि २००८ मध्ये अल्टिमेट बेट या दोन साइट्सवर पत्ते नीटच पिसले जात होते. लबाडी दुसरीकडेच होती. आतल्या काही खात्यांना सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. तसं असतं तरी दादाचे एक्के ३९ वेळाच आले असते आणि माझा तक्ता असाच सरळ दिसला असता. तिथली चोरी खेळाडूंनीच पकडली, पण समोरच्या खात्याचे हजारो डाव तपासून. माझ्याकडे फक्त दादाचे डाव होते. दादाच्या ॲपवर असं काही होत होतं असं म्हणायला माझ्याकडे काडीचाही पुरावा नाही. नव्हतं असं म्हणायलाही नाही.

मी ते लपवलं, कारण ते ऐकून तो पुन्हा वही उघडेल अशी भीती वाटली. शेवटी परवा फोन करून सांगितलं. दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तिथं काटायला कुणी दिलंच नव्हतं मला." आणि लगेच, पिकअपचा हप्ता किती बसेल ते काढून द्यायला सांगितलं.