पांढऱ्याची बाजू

पांढऱ्या रंगाची बाजू कोणी घेत नाही. तांबड्याला कुंकवाचा मान, पिवळ्याला हळदीचा, हिरव्याला चुड्याचा. पांढऱ्याच्या वाट्याला काय, तर पांढरा हत्ती आणि पांढरपेशा! पण अलीकडे मला या रंगाविषयी आदर वाटू लागला आहे, आणि त्याचे कारण फार दूर, उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रात आहे.

पाडव्याला नवी वही उघडायची आपली चाल, म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगतो. सूर्याकडून पृथ्वीला शंभर रुपयांचे ऊन येते असे धरा. त्यातले तीसएक रुपये ती आल्या पावली परत करते. बरेचसे ढगांच्या हातून, थोडे वाळवंटांच्या आणि बर्फाच्या. उरलेल्यात आपला उन्हापावसाचा संसार चालतो. आता एकेकाचे खाते पाहा. ताजे हिम शंभरातले ८० ते ९० परत करते. हिमाची दुलई उडालेले समुद्रावरचे बर्फ ५० ते ७०. आणि उघडे पाणी? जेमतेम सहा-सात! बाकीचे गिळून ते पुन्हा शांत.

खरी मेख पुढेच आहे. बर्फ वितळले की काळे पाणी उघडे पडते; पाणी ऊन गिळून तापते; तापलेले पाणी शेजारचे बर्फ वितळवते. सावकारी व्याजासारखे हे चढतच जाते. जेम्स क्रोल हा स्कॉटिश गृहस्थ ग्लासगोच्या एका कॉलेजात इमारतीची राखण करी आणि फावल्या वेळी तिथली पुस्तके वाची. हिमयुगे कशी आली याचा विचार करताना त्याने हे चक्र एकोणिसाव्या शतकातच ओळखले. १९६९ साली रशियाचे बुडिको आणि अमेरिकेचे सेलर्स यांनी आपापल्या परीने त्याचे गणित मांडले.

गणित कागदावर राहिले असते तर बरे झाले असते. १९८० च्या सप्टेंबरात, म्हणजे उन्हाळा संपताना, उत्तरेच्या समुद्रावर ७० लाख चौरस किलोमीटरांहून अधिक बर्फ उरले होते. २०१२ च्या सप्टेंबरात उरले ते सुमारे ३४ लाख. गेलेल्या बर्फाच्या जागी आपला महाराष्ट्र दहा-अकरा वेळा अंथरता येईल! त्यातही नुकसान खरे जूनमधले. तेव्हा तिथे सूर्य मावळतच नाही. नेमक्या त्या दिवसांत पांढरी चादर लवकर विरली, तर पाणी दिवसरात्र ऊन साठवते आणि हिवाळ्यात गोठायला उशीर लावते. गेल्या चाळीसएक वर्षांत तो प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या तिप्पट-चौपट वेगाने तापला, त्याच्या कारणांत हे एक मोठे.

तुम्ही म्हणाल, सणासुदीला हे कशाला? तर भाऊबीजेसाठी. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते. माझी थोरली बहीण गेल्यापासून मीही त्या वेळी गच्चीत जातो. पश्चिमेला कोर दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर कोरीच्या कुशीत उरलेला चंद्रही राखाडी, मंद उजळलेला दिसतो. तो उजेड आपलाच! पृथ्वीने परत केलेले ऊन चंद्रावर पडते आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येते. लिओनार्दो दा विंचीने हे पाचशे वर्षांपूर्वी ओळखले होते, आणि गेल्या शतकात फ्रान्सच्या दांजोंने त्या उजेडावरून पृथ्वी किती ऊन परतवते ते मोजायला घेतले.

धरती आपली आई, म्हणून चंद्र आपला मामा. तेव्हा हा मंद उजेड म्हणजे बहिणीने भावाला केलेली ओवाळणीच की! १९९८ ते २०१७ या वर्षांत अमेरिकेतल्या एका वेधशाळेने तो मोजला, तेव्हा तो किंचित उणावलेला आढळला. त्यात ढगांचा वाटा मोठा, हे खरे. पण निरांजनात जे तेल पडते त्यात उत्तरेच्या बर्फाचेही चार थेंब असतात. ते आटू नयेत, एवढेच मी हल्ली त्या कोरीकडे पाहून मागतो. बहीण असताना ओवाळणीचे ताट मी मुकाट्याने पुढे ओढून घेत असे. त्यातली ज्योत कोण जपते, हा प्रश्न तेव्हा पडायचे कारणच नव्हते.