तेच गाणे, दुसरी लय

दादाने बीटल्सचे ‘हेल्प!’ म्हटले ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा प्रथम वर्षात होते आणि तो शेवटच्या वर्षात. स्नेहसंमेलनात भावगीते झाली, लावणी झाली, दोन-तीन हिंदी गाणी झाली आणि मग गिटार गळ्यात अडकवून दादा रंगमंचावर आला. मूळ गाणे सव्वादोन मिनिटांच्या आसपासचे. दादाने ते तबकडीवर आहे तसे, एकही सूर इकडचा तिकडे न करता म्हटले. दुसऱ्या ओळीपासूनच मागच्या बाकांवरून ठेका धरला गेला. शिट्ट्या झाल्या, ‘वन्समोअर’ झाला. त्याने तेच गाणे पुन्हा, किंचित आणखी जलद म्हटले. मी सर्वांत पुढे बसून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या मैत्रिणीला ‘हा माझा दादा’ असे दोनदा तरी सांगितले असेल.

गाण्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. त्यातले इंग्रजी काही अवघड नाही. पूर्वी मला कुणाची गरज भासत नसे, आता तो आत्मविश्वास उरला नाही, कुणीतरी मला सावरा, एवढेच तो गाणारा सांगतो. पण अर्थ ठाऊक असणे निराळे आणि तो ऐकू येणे निराळे. हे कळायला मला दुसऱ्या एका गाण्याची, म्हणजे खरे तर त्याच गाण्याची, गरज लागली.

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत रात्री जागत बसले होते. मोबाईलवर एकामागून एक जुनी रॉक गाणी आपोआप लागत होती. त्यातच एक अत्यंत संथ गाणे सुरू झाले. ऑर्गनचे लांबच लांब सूर, मागे ड्रम्सची दबकी गडगड, आणि बऱ्याच वेळाने एक हळवा पुरुषी आवाज. एक-दोन ओळी गेल्यावर मी दचकलेच. हे तर ‘हेल्प!’! गाणारी मंडळी होती ‘डीप पर्पल’. १९६८ च्या मे महिन्यात लंडनच्या एका स्टुडिओत अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहात हे गाणे आहे. गायक रॉड इव्हान्स, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, गिटारवर रिची ब्लॅकमोर. गाणे चालते सुमारे सहा मिनिटे.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा मला त्याचा रागच आला. नाचत्या-बागडत्या मुलाला कुणी जबरदस्तीने गंभीर करून बसवावे तसे वाटले. मी ते बंद केले. मग पाच मिनिटांनी पुन्हा लावले. त्या रात्री माझे अर्थशास्त्र जे बाजूला राहिले ते राहिलेच.

दुसऱ्याने गाजवलेले गाणे आपल्या पद्धतीने म्हणणे याला तिकडे ‘कव्हर’ म्हणतात. हा प्रकार जुनाच. पण १९६७ ते १९७२ या थोड्या वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या काही वाद्यवृंदांनी त्याला वेगळेच वळण दिले. त्याची सुरुवात शोधता शोधता मी न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिला फज’ या चौघांपर्यंत येऊन पोचले. डीप पर्पलची मंडळी त्यांची मोठी चाहती होती. १९६६ साली ‘द सुप्रीम्स’ या तीन गायिकांचे ‘यू कीप मी हँगिंग ऑन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. प्रेम उरले नाही, पण तो मला सोडतही नाही, अशी त्यातल्या बाईची तक्रार. चाल मात्र अशी की पाय आपोआप हलावेत. या चौघांना वाटले, हे शब्द इतके दुखरे आणि गाणे एवढ्या घाईत का? त्यांनी लय निम्म्याहून खाली आणली. पावणेतीन मिनिटांचे गाणे सात मिनिटांच्या पुढे गेले. १९६७ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात जवळजवळ सारी गाणी अशी दुसऱ्यांचीच आहेत आणि त्यांत बीटल्सचीही दोन आहेत.

हे त्याच काळात का घडले, याला कारणे आहेत. लहान तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासचेच गाणे चाले, कारण रेडिओवाल्यांना तेवढेच हवे असे. पण १९६७ पासून अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांवर बंधन आले की, त्यांनी मध्यम लहरींवरचाच कार्यक्रम सारा वेळ पुन्हा ऐकवू नये. वेळ भरून काढायला नवे काहीतरी हवे झाले. सान फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या केंद्रावर मग मोठ्या तबकड्यांवरची लांब गाणी वाजू लागली. हॅमंड ऑर्गन आणि त्याच्या जोडीचा, आत भोंगा फिरणारा लेस्ली ध्वनिक्षेपक यांमुळे एकच सूर लाटेसारखा चढता-उतरता ठेवता येऊ लागला. एलएसडीच्या नादी लागलेल्या त्या पिढीला ‘सायकेडेलिक’, म्हणजे मनाचे नेहमीचे कुंपण ओलांडू पाहणारे संगीत हवे होते. आणि ज्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकून रॉकमध्ये पाऊल टाकले होते त्यांना तीन मिनिटांत कोंडून घ्यायचे नव्हते. यांतल्या काहींना पुढे ‘प्रोग्रेसिव्ह’ असे नाव पडले.

मी झपाटल्यासारखी ऐकत सुटले. बीटल्सचे १९६७ चे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे रिंगो स्टारच्या साध्या, भाबड्या आवाजातले गाणे. जो कॉकरने पुढच्याच वर्षी त्याची लय बदलली, चार मात्रांचे चालते गाणे तीन-तीन मात्रांच्या हेलकाव्यावर टाकले आणि शेफिल्डच्या आपल्या खरखरीत आवाजात ते अक्षरशः आळवले. मूळ गाण्यातला मनुष्य मित्रांबरोबर मजेत बसलेला आहे. कॉकरचा मनुष्य मित्र नसते तर त्या रात्री टिकलाच नसता, असे वाटते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला त्याने ते म्हटले, त्याचे चित्रण आज कुणालाही पाहता येते.

बॉब डिलनच्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ची कथा तर आणखी विलक्षण. १९६७ च्या अखेरीस त्याने ते गिटार, माउथऑर्गन, बास आणि ड्रम्स एवढ्यावर अडीच मिनिटांत उरकले. जिमी हेंड्रिक्सने १९६८ मध्ये त्यातच वादळ आणले. पण डिलन रागावला नाही. १९७० मध्ये हेंड्रिक्स वारला आणि १९७४ च्या दौऱ्यात डिलन स्वतःच ते गाणे हेंड्रिक्सच्या वळणाने म्हणू लागला. रंगमंचावर त्याने सर्वांत जास्त वेळा म्हटलेले गाणे हेच. गाणे लिहिणाऱ्यानेच ते दुसऱ्याकडून शिकून घ्यावे, यात मला फार मोठे मन दिसते.

आमच्या मराठीच्या सरांना हे सारे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “अगं, यात नवल ते काय? दिंडीत चालता चालता वारकरी जो अभंग म्हणतात, तोच कीर्तनकार तासभर उलगडत बसतो. चालणाऱ्याची लय निराळी, बसून ऐकणाऱ्याची निराळी. अभंग तोच.”

सरांचे हे वाक्य मी उचलले आणि लगेच फसले. या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही चौघांनी बीटल्सचे १९६३ चे ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ घेतले. नाचाच्या ठिकाणी एक मुलगी दिसली आणि मुलगा हरखला, एवढाच त्याचा मामला. मी ते संथ केले. सुरुवातीला ऑर्गनसारखा वाजणारा कीबोर्ड, मध्ये गिटारचा भला मोठा विस्तार, शेवटी शांतता. एकूण नऊ मिनिटे! तालमीत तबल्यावरचा मित्र सातव्या मिनिटाला थांबला आणि म्हणाला, “सगळं ठीक आहे गं, पण यात दुखतंय कुठे?”

मी चिडले, घरी आले आणि चिडूनच पुन्हा ऐकत बसले. त्याचे म्हणणे खरे होते. व्हॅनिला फजनेसुद्धा १९६८ च्या दुसऱ्या संग्रहात संगीताचा सारा इतिहास एका तबकडीत कोंबण्याचा घाट घातला होता. त्यात बीथोव्हेन आहे, पुढाऱ्यांच्या भाषणांचे तुकडे आहेत, पण गाणे हरवले आहे. पुढे तो संग्रह त्यांनाही आवडेनासा झाला. ‘येस’ने १९७२ मध्ये सायमन आणि गारफंकल यांचे साडेतीन मिनिटांचे ‘अमेरिका’ दहा मिनिटांवर नेले. वाजवण्याची तयारी पाहून थक्क व्हायला होते, पण बसमधून देश शोधायला निघालेली ती दोन एकाकी माणसे मला त्यात नीट दिसत नाहीत. लय बदलणे म्हणजे अर्थ सापडणे नव्हे. अर्थ आधी ऐकू यावा लागतो, मग लय त्याच्यामागून बदलते. माझे नेमके उलटे झाले होते. मला गाणे ऐकू आले नव्हते, मला मी ऐकू येत होते.

त्याच शोधात जॉन लेननची एक मुलाखत वाचण्यात आली, १९७० च्या डिसेंबरमधली. तिच्यात तो ‘हेल्प!’बद्दल बोलला आहे. ते गाणे त्याला खरे वाटे, पण त्याचे ध्वनिमुद्रण फारसे आवडत नसे, कारण खपावे म्हणून ते फार जलद केले होते. आपण त्यात खरोखरच मदतीसाठी हाका मारत होतो, असेही तो नंतर म्हणाला. १९६५ साली ते गाणे दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर होते. लाखो लोक त्यावर नाचले. तो हाका मारत होता आणि लोक ठेका धरत होते.

हे वाचले आणि मला आमचे स्नेहसंमेलन आठवले.

दादाचे त्या वर्षी काय चालले होते, हे आम्हाला जूनमध्ये कळले. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले होते आणि ते त्याने घरी सांगितले नव्हते. डिसेंबरपासून तो रोज डबा घेऊन, सायकल काढून निघे आणि दिवसभर नदीच्या घाटावर बसून संध्याकाळी घरी येई. रात्री झोप लागत नसे. हे सारे एकदम बाहेर आले, तेव्हा आई रडली, बाबा चार दिवस बोलले नाहीत. पुढे त्याने नेटाने अभ्यास केला, विषय सोडवले, आज तो परगावी नोकरीला आहे. घरात त्या दिवसांचा विषय कुणी काढत नाही. मीही काढला नव्हता.

या दिवाळीत तो आला होता. दुपारी सारे आडवे झाले असताना आम्ही दोघे गच्चीत बसलो होतो. मी इअरफोनचे एक टोक त्याच्या कानात दिले, एक माझ्या, आणि डीप पर्पलचे ‘हेल्प!’ लावले. काय आहे ते सांगितले नाही. पहिली ओळ आली तेव्हा त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मग खाली फरशीकडे पाहत राहिला. पूर्ण सहा मिनिटे तो काही बोलला नाही.

मीच शेवटी म्हटले, “दादा, मी पहिल्या रांगेत होते रे.”

“दिसत होतीस की,” तो म्हणाला. “मी असंच हळू म्हणणार होतो. घाटावर बसून असंच म्हणायचो. पण सुरुवात केली आणि टाळ्या सुरू झाल्या.”

मग त्याने गाणे पुन्हा लावायला सांगितले.

आमच्या चौघांचे नऊ मिनिटांचे गाणे रद्द झाले. ते आम्ही मूळ लयीत, तीन मिनिटांच्या आत म्हटले आणि मंडळींनी मनसोक्त ठेका धरला. त्या गाण्याला तेच शोभते. त्यानंतर एक मुलगा आला आणि त्याने एक हसरे गाणे फार घाईत म्हटले. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र वाजवता वाजवता थांबले आणि त्याचे शब्द ऐकू लागले. कदाचित त्यात काहीच नसेल. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ गेले, गाणे छान झाले म्हटले आणि विचारले, “बाकी कसं चाललंय?”